काचेतला ठोकळा

३ जून, मंगळवार

आदेर्बाल सकाळीच दारात. बोटांना छापखान्याची शाई, तोंडात माझ्याच तव्यावरचं धिरडं, तापिओका. म्हणाला, "दोना झुल्मीरा, सांव जुआंवच्या सणाला तुमची 'तहानलेली शेळी' परत छापू या. तीनशे प्रती. गावातल्या एकेका पोराच्या हातात एकेक."

मी आधी नाही म्हटलं. मग तापिओका उलटता उलटता हो म्हटलं. मला नाही म्हणून हो म्हणायची सवयच आहे.

शेळीला शेहेचाळीस वर्षं झाली! माझं पहिलं पुस्तक. सोळा पानं, सगळी ओव्यांसारखी गाऊन वाचायची. मी तेव्हा वीस वर्षांची. आणि कव्हर बाबांचं — विहिरीपाशी मुलगी, तिच्या पायाशी शेळी, मागे आमचं देऊळ. बाबांनी छापण्यासाठी कोरलेला शेवटचा लाकडी ठोकळा. त्यांनीच तो काचेत बसवून मला दिला. तेव्हापासून बैठकीच्या भिंतीवर आहे. छापायला त्यावरून केलेला पत्रा वापरतो, ठोकळ्याला कुणी हात लावत नाही.

७ जून, शनिवार

बाजारात दोरी बांधली, पुस्तकं वाळत घातल्यासारखी टांगली, आणि वाचलं. शेळी कोरड्या विहिरीत उतरते तिथपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं. हा आमचा जुना रिवाज. शेवट आला की थांबायचं. पूर्वी असं थांबलं की लोक पुस्तक विकत घ्यायचे. हल्ली मी थांबते ती पोरं ग्रंथालयात यावीत म्हणून.

मासळीवाली ओरडली, "बाई, माझ्या लहानपणीही तुम्ही इथंच थांबला होतात. आता तरी सांगा, शेळी वर येते का?"

म्हटलं, "चाळीस वर्षांत ग्रंथालयाची पायरी चढली नाहीस, तुझी तू बघ."

सगळे हसले. बाबा असते तर तेही हसले असते. लाकडाचा भुसा झटकत, खोकत. आज त्यांची फार आठवण आली. घरी येऊन त्यांच्या फोटोखालची धूळ पुसली, मग तशीच बसून राहिले.

८ जून, रविवार

ताईचा फोन. दर रविवारी येतो, चार मिनिटांचा. मी ओघात सांगितलं, शेळी परत छापतोय.

"बरं," म्हणाली.

"कव्हर बाबांचंच ठेवलंय."

"बरं. पाऊस आहे का तिकडे?"

एवढंच. आल्झेनीरताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पुस्तक निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी साव पावलोला गेली, शिवणाच्या कारखान्यात. दहा वर्षांनी मी तिच्याकडे गेले, तर मी पाठवलेलं शेळीचं चित्र कपाटात, चादरींच्या खाली. बाबांचं शेवटचं काम, आणि चादरींच्या खाली! पुस्तक चांगलं झालंय, असं एका शब्दानं कधी म्हणाली नाही. मत्सर, दुसरं काय. हे मी तोंडावर कधी बोलले नाही. इथे लिहिलंय मात्र शंभर वेळा.

१० जून, मंगळवार

गावातली पोरं आजपासून आमच्या ओसरीवर ठोकळे कोरायला शिकतायत. अकराजण, सुऱ्या पाचच. उंबुरानाचं लाकूड मऊ, तरी दोन बोटं कापली.

पहिला धडा: कागदावर चित्र उलटं उमटतं. म्हणून लाकडावर उलटं काढायचं. मग बाबांची गोष्ट सांगितली. बाबांनी जन्मात कधी चित्र उलटवलं नाही. जसं दिसतं तसं कोरायचे. त्यामुळे त्यांच्या कागदावर सगळे डावखुरे, आणि देवळाचा घंटेचा मनोरा उजवीकडचा डावीकडे. गाव बाबांना मेस्त्रे, म्हणजे उस्ताद म्हणायचं, आणि चिडवायचंही, "मेस्त्रे फिर्मिनोंच्या गावात सूर्य मावळतीला उगवतो." बाबा म्हणायचे, "गावाला सांगा, फिरून उभं राहा."

पोरांना हे इतकं आवडलं की जोसीनं तीनदा सांगायला लावलं. जोसी नऊ वर्षांची आहे, दात पडलेली, आणि प्रश्न विचारून जीव खाते.

११ जून, बुधवार

बाबांचे जुने ठोकळे पेटीतून काढून पोरांसमोर मांडले. वास तोच. राळ, शाई आणि थोडा बाबांचा तंबाखू. डोळे भरून आले, पोरांनी पाहिलं, मी धुरावर ढकललं. चूल तर बंद होती.

जोसी पाणी प्यायला आत गेली ती बैठकीत भिंतीसमोर उभी. हाक मारली, "मावशी, हा ठोकळा आजोबांचा नाहीये."

"मूर्ख, वर त्यांचं नाव आहे."

"नाव असू दे. आजोबांच्या सगळ्या ठोकळ्यांत मनोरा उजवीकडे आहे. यात डावीकडे आहे. हा ज्यानं केला त्याला उलटवता येत होतं."

मी चष्मा लावला. पुस्तक आणलं. पुस्तकात मनोरा उजवीकडे, जिथे खरोखर आहे तिथे. शेहेचाळीस वर्षं मी हे चित्र रोज बघतेय!

पोरांना लवकर घरी पाठवलं.

१२ जून, गुरुवार

दिवसभर भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. शेळीच्या अंगावरचे केस बारीक, सारख्या अंतरावर, टाके घातल्यासारखे. बाबांची सुरी अशी कधी चालली नाही, त्यांचे घाव रुंद. असे टाके आमच्या घरात एकच माणूस घालायचं.

आणि आता एकेक आठवतंय. त्या वर्षी बाबांच्या हातातला कॉफीचा पेला ठरत नव्हता. आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची. तो हात शेळीचे केस कोरणार? मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं. बघायचं नव्हतं. माझ्या पुस्तकावर मेस्त्रे फिर्मिनोंचं चित्र — केवढी मिरवले मी! बाजारात, शाळेत, रेडिओवरसुद्धा.

ताईनं केलं, आणि बाबांनी स्वतःचं नाव घातलं. पोटच्या पोरीचं काम.

१३ जून, शुक्रवार

फोन केला. रविवार नव्हता म्हणून ताई घाबरली, "कोण गेलं?"

"कुणी नाही. ताई, शेळीचं चित्र तू कोरलंस?"

तिनं तिकडचा पंखा बंद केला. मग म्हणाली, "झुल्मीरा, जुनं उकरू नकोस. कुणाला सांगायचं नाही. ऐकलंस?"

आणि फोन ठेवला.

म्हणजे अजून दुखतंय तिला. म्हणून ती गावी फिरकत नाही, म्हणून चित्र चादरींखाली. बाबांचा फोटो मी भिंतीवरून उतरवला. तोंडावर सांगितलं, "चोरी केलीत तुम्ही."

१६ जून, सोमवार

काल रविवार. ताईचा फोन आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आदेर्बालला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "तीनशे प्रती छापून झाल्यात. आत लिहिलंय, चित्र — मेस्त्रे फिर्मिनो."

"मग दुरुस्त कर."

"कशी? फाडू?"

जोसी म्हणाली, "शिक्का करू या. ताईआजीच्या नावाचा. मी कोरते."

ताईनं सांगू नको म्हटलंय. पण मी एकदा खोटं नाव मिरवलंय, दुसऱ्यांदा तीनशे पोरांच्या हातात देणार नाही. ती रागावली तर रागावू दे.

१९ जून, गुरुवार

देवा! जोसीनं नाव सुबक कोरलं, आणि उलटवायला विसरली. आदेर्बालनं चष्म्याशिवाय तीनशेच्या तीनशे प्रतींवर उमटवूनही टाकलं. ताईचं नाव आरशात बघितल्यासारखं!

जोसी रडून रडून लाल. "मावशी, मी आजोबांसारखी चूक केली."

तिला जवळ घेतलं. बाबांवर इतका राग असूनही मला हसू आलं, आणि हसू आलं याचाही राग आला. प्रती तशाच ठेवल्या. दुसरा इलाज नव्हता.

२१ जून, शनिवार

बाजारात दोरी बांधली. वाचायच्या आधी उभी राहिले आणि सांगितलं: हे चित्र माझ्या वडलांचं नाही. माझी बहीण आल्झेनीर हिनं कोरलंय. इतकी वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.

मग मासळीवाली म्हणाली, "फिर्मिनोंची थोरली? ती भरतकाम करायची ती? मग बरोबर आहे, मला ती शेळी नेहमी उशीवर भरल्यासारखी वाटायची."

आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. शेळी वर येते. मासळीवालीनं डोळे पुसले आणि वर म्हणाली, "एवढंच होतं होय?"

२२ जून, रविवार

फोन आला! मी काही बोलायच्या आत ताई हसत होती. तिचं हसू मी विसरलेच होते, आईसारखं, घशातून. आदेर्बालनं तिच्या नातीच्या मोबाइलवर शिक्क्याचा फोटो पाठवला होता.

"अगं, बाबाच येऊन कोरून गेले की काय!"

मी रडत माफी मागत होते, बाबांना नावं ठेवत होते. फोटो उतरवल्याचंही सांगितलं.

"फोटो उतरवलास? बाबांचा? अगं वेडे — ठोकळा कुठे आहे?"

"काचेत. भिंतीवर."

"कधी काढला नाहीस त्यातून?"

"नाही."

"काढ. मागून बघ. आदेर्बालला बोलाव, तू काच फोडशील."

२३ जून, सोमवार

आदेर्बालनं खिळे काढले. ठोकळ्याच्या पाठीवर पेन्सिल, बाबांचं थरथरतं अक्षर, एकेक अक्षर वेगळ्या दिशेला:

"माझा हात चालत नाही. हे आल्झेनीरनं केलं. मी तिचंच नाव घालत होतो, तिनं घालू दिलं नाही. म्हणाली, धाकटीला पहिल्या पुस्तकावर बापाचंच चित्र हवंय, तिला कळू देऊ नका."

बाबांचा फोटो परत लावला. ताई गुरुवारच्या बसनं येतेय.