कंगवा पुढे आहे

मंगळवार, ४ मार्च
या घरात माझ्यावर अन्याय होतो आहे आणि त्याची नोंद कुठेतरी व्हायलाच हवी. कादंबरी एक, वाचणारे दोन — सकाळी सासरे, दुपारी मी. रोज पुस्तक उघडावं तर त्यांची खूण माझ्या पुढेच! खूण म्हणजे टक्कल पडल्यावर बेकार झालेला त्यांचा कंगवा. माझा लोकरीचा धागा बिचारा मागून फरफटत येतोय. घरचा नियम असा, की पुढच्यानं मागच्याला काही सांगायचं नाही. म्हणून चहाला ते फक्त विचारतात, कुठवर आलीस? मी सगळं सांगते. ते डोळे मिटून ऐकतात — पास झालेल्यानं नापासाचं ऐकावं तसं.

गुरुवार, ६ मार्च
कादंबरीतल्या दीपस्तंभाच्या रखवालदारानं अजून दिवा लावलेला नाही. लावूच नये. ऊन पानावरून सरकत होतं, मी त्याच्या मागून ओळीओळीनं. किटलीची शिटी वाजली, ती बोटीचा भोंगा समजून तशीच वाहत गेले. समुद्र वाचला की झोपेत पाहिला, देव जाणे.

लग्न होऊन आले तेव्हाची दुपार आठवली. माझ्या हातात पुस्तक, आणि सासूबाईंची स्वयंपाकघरातून हाक. सासरे म्हणाले, "तिला राहू दे. माझे डोळे दुखतात, ती मला वाचून दाखवतेय." डोळे कसले दुखतायत — घारीची नजर होती! त्या थापेच्या सावलीत मी कपाटंच्या कपाटं वाचली.

शनिवार, ८ मार्च
आज गंमत. पुढची काही पानं छापखान्यात कापायचीच राहिलीत, कडेनं जोडलेली, पाकिटासारखी बंद. कंगवा मात्र त्यांच्याही पलीकडे! चहाला साळसूदपणे विचारलं, पुढचा भाग कसा आहे हो? म्हणाले, "तोच तर खरा. पण नियम म्हणजे नियम."

खूप हसू आलं. मग येईना.

रविवार, ९ मार्च
सकाळी लपून पाहिलं. पुस्तक मांडीवर, तोंड खिडकीकडे. मधूनच अंदाजानं पान उलटतात. उठताना कंगवा पुढे सरकवतात.

डॉक्टर गेल्या वर्षीच सासऱ्यांना म्हणाले होते, आहे ती नजर सांभाळा. नवऱ्याकडे नुसता विषय काढला, तर हे म्हणतात, दिसत नसेल तर पुस्तकं हवीत कशाला? रेडिओ आणून देऊ. मी विषय बदलला.

सोमवार, १० मार्च
वर्तमानपत्रातलं माझं सदर लिहायला बसले. लोकांची सोंगं उघडी पाडणं हा माझा धंदा. आज एक ओळ उतरेल तर शपथ.

मंगळवार, ११ मार्च
सुरीनं ती पानं कापली. दुपारी त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं. म्हटलं, "बाबा, हल्ली मनात वाचलं की मला पेंग येते. मोठ्यानं वाचू? तुमचं वाचून झालंय, कंटाळाल म्हणा."

त्यांनी पुस्तक चाचपलं. मग कंगवा काढून खिशात घातला.

मी पहिल्या पानापासून सुरू केलं. तेवढ्यात यांनी आतून मला हाक मारली.

"थांब रे," सासरे म्हणाले. "ती मला वाचून दाखवतेय."