माणसाच्या चालीनं चालणारी गाडी

२ नोव्हें., रवि.
हे मैदानावरून लवकर परत आले. रिमोटची गाडी एका फिरायला आलेल्या काकांच्या घोट्यावर गेली. फार लागलं नाही, पण काका खूप बोलले. हे म्हणतात, "थो माणूस दिसलाच नाही वं मले. एकदम बाजूनं आला." बाजूनं नाही आला, समोरूनच येत होता, असं यांचे मैदानावरचे जुने दोस्त प्रकाशभाऊजी हळूच सांगून गेले.
डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. नजर कडेनं मिटत येणार, पाइपातून बघितल्यासारखं होणार. स्कूटर तेव्हाच सोडली. आज रिमोटच्या तिन्ही गाड्या खोक्यात. "विकून टाकतो."
भाकरी करपली.

४ नोव्हें., मंगळ.
माझ्या शाळेच्या ऑफिसातून प्रकाशभाऊजींना फोन केला.
"वहिनी, पळणारी गाडी आता नको. त्याले क्रॉलर घेऊन द्या. दगडावर चढते, माणूस चालते तेवढीच चालते. मागं मागं चालायचं."
तयार घेऊ की किट?
"किटच घ्या. हातानं जोडू द्या."
दोन-तीन किट बघितले. एकाची बॉडी जीपसारखी, छान होती, पण छत काळं. माती-दगडात काळं कसं दिसेल? दुसऱ्याची बॉडी पारदर्शक येते, रंग आपण द्यायचा. तेच मागवलं. पिवळा देऊ. यांना विचारलं नाही.

९ नोव्हें., रवि.
खोकं काल आलं, आज उघडलं.
"कायले आणलं? कोणासाठी?"
"माझ्यासाठी."
जेवणं उरकली. मग मीच सतरंजीवर बसले, पुस्तिका उघडून. पहिलाच स्क्रू तिरपा गेला. हे पलंगावरून ऐकत होते. आवाजावरूनच कळलं यांना.
"अवं, जबरदस्ती नको करू त्याच्यासंगं. दे इकडे."
मग मी वाचायचं, यांनी बसवायचं. स्क्रू लांबीप्रमाणे वाट्यांमध्ये. हे नखानं मोजतात. एक घरंगळला. हे गुडघ्यांवर, तळहातानं फरशी चाचपत. फ्रिजच्या पायाशी मला दिसला होता. बोलले नाही. बराच वेळ लागला. सापडला तेव्हा चेहरा...

१६ नोव्हें., रवि.
बॉडीला रंग. आतल्या बाजूनं द्यायचा असतो, हे माहीतच नव्हतं. मी बाहेरून सुरू केलं होतं. हे इतके हसले की खोकला आला. किती दिवसांनी. कोपऱ्यात डाग राहिलाय, असू दे.

२३ नोव्हें., रवि.
काटोलला माहेरी. बसनं. दादाच्या संत्र्याच्या बागेमागे कोरडा नाला आहे, गोटेच गोटे. गाडी तिथं काढली. लहान गोट्यांवरून गेली, मोठ्यावर चढताना पुढून उचलली गेली आणि उताणी. चार वेळा तेच. मला वाटलं चिडतील. हे खुशीत!
"पुढं वजन पाहिजे. पुढच्या चाकांत पितळ टाकू. टायर नरम पाहिजे. अन् ऐक, चाकं वळवणारी मोटर रडून राहिली. तीबी बदलू."
परतीच्या बसमध्ये तेच चालू. पिशवीतली संत्री मांडीवर धरून बसले होते, एक सोलून मला दिलं.

३० नोव्हें., रवि.
आज भांडलो. टेकडीवर. मी सारखी "डावीकडे, अहो डावीकडे" करत होते. हे थांबले.
"तू माझा डोळा नको बनू."
मीही बोलले. की मला काय हौस आहे. की रोज तुम्ही घरी येईस्तोवर माझा जीव... अर्धंच बोलले. ऑटो करून परत आलो.
संध्याकाळी यांनी चहा केला. साखर जास्त. पुढ्यात ठेवून म्हणाले, "गाडी कुठं जाते थे नको सांगू. थे मी पाहतो, पडली तर पडली. मी कुठं पाय ठेवून राहिलो थे सांग."
मी हो म्हटलं. चहा सगळा प्यायले.

७ डिसें., रवि.
पितळी वजनं बसली, टायर नवे. मोटरही. आज टेकडीवरचा मोठा काळा दगड! गाडी हळूहळू, एकेक चाक टेकवत, वर. यांचे दोन्ही हात रिमोटवर, म्हणून मी कोपर धरलेलं. "खड्डा. आता पायरी." एवढंच बोलायचं.
एक अनोळखी बाई थांबून बघत होती. "यांना धरून का चालता?" मी काही तरी सांगणार, तर हेच म्हणाले, "मले बाजूचं दिसत नाही, ताई. समोरचं दिसते." अगदी साधं. बाई "बरं बरं" म्हणाली आणि गाडीबद्दल विचारू लागली.
कुणाला यांनी स्वतः सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या भावालाही मीच सांगितलं होतं.

१४ डिसें., रवि.
यांच्या कॉलेजात डोळ्यांचं अजून कुणालाच माहीत नाही. हे वर्कशॉपमध्ये शिकवतात, भोवती चालू मशीन, मुलं. मी कितीदा म्हटलं, सांगून टाका. दर वेळी उठून जायचे.
आज गाडी पुसता पुसता आपणहून: "उद्या प्राचार्यांना सांगतो. तू दारापर्यंत चल. आत मी जाईन."
आत काय म्हणतील? दुसरं काम देतील, की... लिहवत नाही.

१५ डिसें., सोम.
मी अर्धी रजा टाकली. ऑटोत हे वाटभर बोलले ते काय, तर क्रॉलरची मागची चाकंही वळवता येतील का. एक किट मिळतं म्हणे त्याचं. मी म्हटलं घेऊ.
आता प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसून हे लिहितेय. दार यांनीच लोटून घेतलं. आतून यांचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. मग बराच वेळ नुसता पंखा. शिपाई पाणी देऊन गेला.
आत्ता कोणी तरी हसलं. यांचंच हसू असावं. यांचंच वाटतं.