रोज शनिवार

यवतमाळ,
जानेवारी २०११

प्रिय आभा,

हे पत्र दिवाळीतच लिहायचं होतं. टाळत आलो. आधी म्हटलं पत्ता नाही. तुझ्या आईनं, काकूंनी, पत्ता दिला तर म्हटलं पेन बरा नाही. पेन आणायला निघालो तर स्टँडवर आदिलाबादची गाडी लागलेली दिसली, त्यातच चढलो आणि चार गावं फिरून परत आलो, पेन नाही तो नाहीच. तुला माहीत आहे माझं. काकूंनी तुझा फोन नंबरही दिलाय, पण फोनवर मी भलतंच बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. सध्या स्टँडच्या रस्त्यावर पुंडलिकरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात एका कोपऱ्यात बसून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आत्ताच ते म्हणाले, "काहून बे, पत्र कायले लिहून राह्यला? कोर्टाची तारीख हाय का तुयी?" मी म्हटलं, तसंच समजा.

ऑक्टोबरात सुचित्राकाकू दुकानात आल्या. घरचा जुना कॉम्प्युटर विजेच्या झटक्यानं जळला होता. आपलं कळल्यावर त्या घराच्या ओट्यावरून मला परत पाठवलं होतं ते काकूंनी दारातून पाहिलेलं आहे. "कॉम्प्युटरपुरतं ठीक होतं राजदीप, पण पुढचं मनात आणू नकोस," असं तुझे बाबा म्हणाले होते, आवाजसुद्धा न चढवता. तू त्याच महिन्यात नाशिकला निघून गेलीस. मी कुठं कुठं गेलो त्याचा हिशेब नाही. पण काकू म्हणाल्या, "ये रे. त्यांना आता त्यातलं काही आठवत नाही."

तू फोनवर बाबांचं नाव निघालं की ठेवून देतेस, म्हणून काकूंनी तुला सांगितलंच नसेल. त्यांचं डोकं मागं मागं चाललंय, आभा. स्वतःच्या मुलाचं, मंदारचं नाव विसरतात, जेवलो की नाही ते विसरतात. पण सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि नोकरीत असताना कापूस खरेदी केंद्रासाठी स्वतः तयार केलेला तो काटापट्टीचा, वजनाच्या पावतीचा प्रोग्राम उघडायचे. शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी, वजन. काटापट्टी छापायला प्रिंटर नाही, बाहेर गाडी नाही, तरी दुपारपर्यंत काम. मग म्हणायचे, "सीझन बरा आहे," आणि ताटावर बसायचे. कॉम्प्युटर जळला तसं जेवणच सुटलं. काकू भरवायला गेल्या तर म्हणाले, रांग उभी आहे बाहेर, लोक उपाशी आहेत, मी कसा जेवू?

केंद्राला तर कुलूप आहे. मी परवा पाहून आलो. जिथं गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत जायची तिथं बाभळी उगवल्यात, शेळ्या चरतात. आमचा बाप डोमाजी तिथंच हमाली करायचा, आता हैदराबादला बांधकामावर विटा वाहतो. कापूस गेला तशी माणसंही गेली. एक शेळी तर चक्क काट्याच्या लोखंडी पाट्यावर बसली होती. पण ते राहू दे.

मंदारनं पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला. चांगला आहे, पण नव्या विंडोजवर बाबांचा प्रोग्राम उघडेचना. फार जुना, त्याला विंडोज अठ्ठ्याण्णवच लागतं. मग मार्ग एकच, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवायचा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. एकाच मशीनवर दोन विंडोज, आतल्याला बाहेरच्याचा पत्ता नाही. हार्ड डिस्क जळली नव्हती, तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं आत घेतलं. पण हे करायला सॉफ्टवेअर एक नाही, बरीच आहेत. मी तीन लावून पाहिली. पहिलं हलकं होतं, पण आतलं घड्याळ सारखं बाहेरच्या घड्याळाशी जुळवून घ्यायचं. जुन्या कॉम्प्युटरची तारीख बॅटरी गेल्यापासून मागंच अडकलेली असायची. इथं बाबांनी वर २०१० पाहिलं आणि रडायला लागले, माझी माणसं कुठं गेली म्हणून. दुसऱ्यात माऊसचा बाण वरच्या कडेला गेला की एक पट्टी खाली यायची. ती चुकून दाबली गेली की मंदारच्या नव्या विंडोजचा निळा पडदा समोर. ते दचकून उठायचे. तिसऱ्यात ती पट्टी घालवता येते, घड्याळ हवं तिथं थांबवता येतं, आणि एक आणखी सोय आहे. चालू असलेल्या मशीनचा जणू फोटो काढून ठेवायचा. दिवसभर आत कितीही गोंधळ घाला, बंद करून पुन्हा सुरू केलं की मशीन त्या फोटोतल्या क्षणावर हजर. म्हटलं, बाबांसाठी हेच. मी ४ डिसेंबर २००४ टाकला, ऐन हंगामाचा दिवस म्हणून, आणि फोटो काढला.

बाबा त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवले. मला म्हणाले, "अरे डोमाजीचा ना तू? बस. सुचित्रा, याला चहा दे." घरातल्या कपात चहा आला. २००४ च्या डिसेंबरात आपलं कुणाला कळलेलं नव्हतं, तेव्हा मी त्यांच्या लेखी नुसता चांगला पोरगा होतो. मले लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मी वार पाहिलाच नाही. त्यांच्या प्रोग्रामात वर वार येतो. तो शनिवार होता. आणि मशीन रोज त्याच सकाळी उठतं.

तू पुसदला शिकायला होतीस, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचीस आणि बाबा स्टँडवर आणायला जायचे, हे मी तुला काय सांगू. आता ते रोज जातात. काकू मागं मागं. गाडी येते, सगळे उतरतात, ते शेवटच्या माणसापर्यंत पाहतात. घरी येताना म्हणतात, "जागा मिळाली नसेल, मागच्या गाडीनं येईल." सकाळी पुन्हा शनिवार. तुझी खोली झाडून घ्यायला लावतात. गेल्या आठवड्यात रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलनं उडवलं, गुडघा फुटला, पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले.

उपाय सोपा आहे. नवा फोटो काढायचा, सोमवारचा. सोमवारी तू पुसदला परत गेलेली असायचीस, म्हणजे ते स्टँडवर जाणारच नाहीत. मी काकूंना तसं सांगितलं. त्यांनी निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "सोमवार केलास तर जीव वाचेल त्यांचा. पण मग तिची वाट पाहणारं या घरात कुणी उरणार नाही रे. माझ्यात आता ताकद नाही." तरी शेवटी म्हणाल्या, संक्रांत होऊ दे, मग कर.

म्हणून लिहितोय. बाबांना माफ कर असं मी म्हणत नाही. मीच केलेलं नाही, तुला कुठल्या तोंडानं सांगू? पण एकदा फक्त संध्याकाळच्या गाडीतून उतर. पुसदहून नको येऊस, नाशिकहून ये, त्यांना कळणार नाही. त्यांना गाडीतून उतरणारी तू दिसली पाहिजेस, बस. त्यानंतर मी सोमवार करतो. नाही आलीस तरी करावाच लागेल, पण मग त्या घरातून तुला काढून टाकणारा मी असेन, आणि ते मला झेपणार नाही.

थांब. पुंडलिकराव बाहेर कुणाशी तरी बोलतायत. आभा, बाबा आलेत. एकटेच, काकू नाहीत सोबत, एका पायात चप्पल. या दुकानात ते कधीच आले नव्हते. काचेपलीकडून मला पाहून हात करतायत. म्हणतायत, "राजदीप, चल रे माझ्याबरोबर. आभाला आणायला जाऊ."

मी जातो त्यांच्याबरोबर.

तुझाच,
राजदीप