रस्ता तोंडाने सांगायचा

प्रिय अक्षया,

बाळंतपणाला मेलबर्नला ये म्हणून तू फोनवर इतकं विनवलंस आणि मी केळीच्या लागवडीचं निमित्त पुढे केलं. तू फोन ठेवून दिलास, ते मनाला लागून राहिलंय. तुला वाटलं असेल, आईला लेकीपेक्षा वाडी प्यारी. तुझे बाबाही माझ्याशी तुटक वागत होते. लागवड काय मला एकट्याला जमत नाही का, म्हणाले. आता फोन केला तर तू आधी हो की नाही ते विचारशील, म्हणून सगळं लिहूनच कळवतेय.

नंदाखाल गावच्या जीना टीचर तुला आठवत असतील. निवृत्त झाल्यापासून त्या आमच्यासारख्या बायकांना ओटीवर इंग्रजी शिकवतात. तुला न सांगताच मी जायला लागले. सुरुवातीला क्रियापदांची रूपं डोक्यावरून गेली. मग एकदा टीचरनी मला उभं केलं आणि इथून तुमच्या घरी कसं जायचं ते इंग्रजीत सांगा म्हणाल्या. मी ‘कम’ म्हटलं, ओटीवरून उतरले आणि पायांत चपला सरकवल्या. आपल्याकडे वाट विचारणाऱ्याला कोण नुसतं सांगतं? हातातलं काम टाकून दारापर्यंत पोचवायचं ही आपली रीत. बायकांची हसून पुरेवाट झाली. टीचर मात्र छत्री घेऊन माझ्यामागून निघाल्या आणि अख्खा वर्ग आपल्याकडे चहाला आला.

तेव्हापासून आमचा वर्ग चालता चालता भरतो. तळ्याला लागून देऊळ, ते ‘बिसाइड’. चर्चच्या समोर बेकरी, ते ‘ऑपोझिट’. पाट केळीच्या मधून जातो तो ‘थ्रू’ आणि त्याच्या कडेने आपण जातो ते ‘अलाँग’. इतकी वर्षं डोक्यावर टोपली घेऊन याच वाटेने गेले, पण कुठली वस्तू कुणाच्या कुठल्या अंगाला आहे, हे कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. विरारच्या रस्त्यावर टीचरनी काळ शिकवले. इथे भातशेती होती, इथे टॉवर आहे, इथे खणून ठेवलंय तिथे दुसरा होईल. एका जागी उभी राहून मी ‘होतं’, ‘आहे’ आणि ‘होईल’ बघितलं आणि अंगावर काटा आला. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर म्हणाले, त्याला इंग्रजी कशाला हवं, मला रोज दिसतं.

पण सांगायचंय ते गेल्या रविवारचं. आगाशीच्या बाजारात केळी घेऊन बसले होते. टॉवरमध्ये नवीन राहायला आलेली एक मुलगी कडेवर तापाने फणफणलेलं पोर घेऊन डॉक्टर कुठे ते इंग्रजीत विचारत होती. केरळकडची, तिला ना मराठी येत होतं ना हिंदी. समोर गिऱ्हाईक, टोपली सोडून उठायची सोय नव्हती. मी बसल्या जागेवरून सांगितलं, गो अलाँग द लेक, टर्न लेफ्ट आफ्टर द टेम्पल, डॉक्टर इज बिहाइंड द बँक. ती निघाली. तळ्याच्या कडेने गेली, देवळापाशी थबकली आणि डावीकडे वळली. अक्षया, माझ्या नुसत्या शब्दांवर एक आई लेकराला घेऊन चालत होती. मी सोबत नव्हते, तरी तिला पोचवत होते. माझे डोळे भरून आले आणि डझनाला किती केळी दिली, तेच विसरले. परतताना ती औषधाची बाटली हलवून माझ्याकडे बघून हसली.

आता खरं सांगते. लागवडीचं खोटं होतं. स्वरूपसारख्या जावयाने व्हिसासुद्धा करून ठेवलेला, पण बाबांचा गुडघा त्यांना येऊ देणार नाही, आणि सिंगापूरला एकटीने विमान बदलायचं म्हटल्यावर मी कच खाल्ली. तिथे माझ्यासोबत दारापर्यंत कोण चालणार, या भीतीने लेकीला नाही म्हटलं मी. काल मामाच्या जितेंद्रकडून तिकीट काढून घेतलं. स्वरूपला विमानतळावर पाठवू नकोस, तुझे दिवस भरत आलेत, त्याला जवळ असू दे. घर कशासमोर आहे, कशामागे आहे, तेवढं कळव. सिंगापूरला विचारीन, मेलबर्नला विचारीन, आणि विचारत विचारत तुझ्या दाराशी येईन. तू फक्त आतली कडी काढून ठेव.

तुझीच,
आई