फेकली तरी न सुटणारी घडी

मंगळवार, दुपार
जहाजावर

प्रिय बुटक्या,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे, तूही असशील असं धरून चालते. पत्र पाकिटातून न येता माझ्या मळक्या पँटच्या खिशातून आलं म्हणून दचकू नकोस. (हे दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं आणि त्याला आपली भाषा वाचता येत असेल, तर दादा, एवढी कृपा करा. तुमच्यातल्या त्या ताडमाड उंच पोराला हे द्या. घरी त्याला बुटक्या म्हणतात, पण विचारलंत तर तो नाही म्हणेल.)

तर, तुझी ताई तुझ्याच जहाजावर आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना क्लच सोडायला शिकवून शिकवून माझा जीव मेटाकुटीला आला होता, रजाही साठली होती, म्हटलं समुद्र बघू. काका नेहमीप्रमाणे आडवे आले. ‘तो तिथे ऑफिसर आहे, त्याला कामाच्या जागी कशाला ओशाळं करताय?’ म्हणाले. तुझा पांढऱ्या गणवेशातला फोटो त्यांनी बैठकीत अशा जागी लावलाय, की नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही तो बघितल्यावाचून सुटका नाही. मी त्यांच्या नाकावर टिच्चून तिकीट काढलं.

चढल्या चढल्या रिसेप्शनवर तुझं नाव सांगितलं. तिथल्या मुलीने संगणकात पाहिलं, गोड हसली आणि म्हणाली, या नावाचा ऑफिसर आमच्याकडे नाही. मग दुसरं कुणी आहे का, तर म्हणे कर्मचाऱ्यांची माहिती देता येत नाही. मला वाटलं, तू जहाजाचं नावसुद्धा खोटंच सांगितलंस. त्या दिवशी तुला उचक्या लागल्या असतील तर त्या माझ्यामुळे.

परवा सकाळी केबिनमध्ये गाऊनवर कॉफी सांडली. केबिन आवरणाऱ्या माणसाने पिशवी दिली, यात घाला, खालून धुऊन येईल म्हणाला. काल गाऊन परत आला. बाह्या आत घेऊन पोटावर ठेवलेल्या, खालचा घेर वर आणून गळ्यात खोचलेला. लोकांचे इस्त्रीचे गठ्ठे पोचवताना आपण वाटेत पाडायचो, म्हणून आईने शोधून काढलेली घडी. फेकली तरी न सुटणारी. ती आई घालते, मी घालते आणि तू. चौथं माणूस मी पाहिलेलं नाही. घडी हातात घेतली आणि ओळखली.

गाऊन माझाच आहे. वय झालं की माणूस असले ढगळ गाऊन घालायला लागतं, हसू नकोस.

म्हणजे तू लाँड्रीत आहेस. आणि फोटोतला तो गणवेश धुवायला आलेला होता, खरं की नाही? बाह्या मनगटाच्या केवढ्या वर होत्या! तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी बाल्कनीत बसून पोट धरून हसले. नंतर रागही आला, पण लाँड्रीचा नाही.

आई बरी आहे. झोपली आहे. म्हणजे या वेळी ती झोपतेच, त्यावरून म्हणतेय.

रविवारी जहाज बंदराला लागेल आणि सगळ्यांना उतरावं लागेल. मी तुला भेटल्याशिवाय उतरणार नाही. मला उचलून न्यायला चार माणसं लागतील, त्यांना कशाला त्रास? केबिनचा नंबर पिशवीवर आहे.

तुझी
ताई


बुधवार, संध्याकाळ

बुटक्या,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलंय.

पिशवी परत आली. कपडे सगळे पुठ्ठ्याभोवती सपाट बसवलेले, दुकानात असतात तसे. आणि वर एका छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात माझं पत्र, सोबत छापील चिठ्ठी: ‘आपल्या खिशात सापडलेली वस्तू.’ वस्तू! शिवाय त्या पत्राला इस्त्री मारलेली. अरे, मी चुरगळून कोंबलेला कागद तो, कडकडीत होऊन आला. म्हणजे तू तो उघडलास, वाचलास, आणि काय करावं ते न सुचून त्याच्यावर इस्त्री फिरवलीस. तुझं लहानपणापासून असंच आहे. प्रश्न आला की तोंड लपवायचं आणि हाताला काहीतरी काम द्यायचं.

आता ऐक. तू मूग गिळून बसलास म्हणून मी गप्प बसेन असं वाटत असेल तर तू मला विसरलास. या पिशवीत माझे सगळे कपडे आहेत. धुतलेलेसुद्धा. एका कुर्त्यावर मी स्वतः मोहरीचा सॉस ओतलाय, दुसऱ्याने डेकचा कठडा पुसलाय. समोरच्या टेबलावरची बाई माझ्याकडे बघत होती, तिला मी रुमाल देऊ केला. गाऊनही परत घातलाय पिशवीत, त्याच्यावर आइस्क्रीम आहे. ते मात्र मी नाही सांडलं.

तुला कशाची लाज वाटते ते मला ठाऊक आहे. शाळेत पोरं तुझ्या शर्टाचा वास घेऊन खळीचा वास येतो म्हणायची. तू गठ्ठा घेऊन मागच्या गल्लीने जायचास, भिंतीला चिकटून. मी पुढच्या रस्त्याने जायचे, मधोमध, आणि कुणी हसलं की थांबून विचारायचे, तुमचे पण आणू का धुवायला? तू म्हणायचास, ताई, मी मोठा झालो की कपड्याला हात लावणार नाही. आणि आता समुद्राच्या मधोमध, हजारो माणसांच्या चादरी तुझ्या हाताखालून जातात. अरे, यात तोंड लपवण्यासारखं काय आहे? त्या इस्त्रीवर आपण वाढलो. तुझ्या दातांचे उपचार, माझी शाळा, आपल्या घराचं छप्पर, सगळं लोकांच्या मळक्या कपड्यांतून आलं. ज्याला त्याचा कमीपणा वाटत असेल त्याने माझ्यासमोर येऊन सांगावं. काकांनी सांगावं. तू तर सांगूच नकोस.

ऑफिसरांना सुट्टी मिळत नाही, ही थाप तू इतकी वर्षं मारलीस. आम्ही ती इतकी वर्षं शेजारीपाजारी सांगितली. थाप मारलीस याचा राग नाही मला. पण त्या थापेसाठी तू घरी यायचं टाळलंस, याचा आहे. फार आहे.

शेजारच्या पलंगावरून आवाज येतोय की पोराला एवढं टोचून लिहू नकोस. टीव्ही असेल.

ताई


शुक्रवार, सकाळ

माझ्या लाडक्या बुटक्या,

रागाने सुरुवात करणार होते, पण राग राहिला नाही. काल पिशवी आली. माझे सगळे कपडे पुन्हा सपाट, पुठ्ठ्यावर. फक्त गाऊन आईच्या घडीत.

मी म्हटलं, हे काय? हा एकच का? मग मी तो उलगडला आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला, कमरेशी, किल्ल्या ठेवायला आई खिसा शिवते ना, तो खिसा निळ्या रेघांचा आहे. तुझ्या शाळेच्या शर्टाचा. कोपऱ्यात तुझ्या फुटलेल्या पेनाचा डाग अजून तसाच.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं पत्र यायच्या आधी, मी ‘गाऊन माझाच’ अशी लोणकढी ठोकायच्या आधी, तू तो धुवायला घेताना उलटा केलास आणि तुला कळलं की आई जहाजावर आहे. पहिली घडी सवयीने पडलेली नव्हती. तू ती तिच्यासाठी घातली होतीस. तूच आधी हाक मारलीस, आणि ती वरपर्यंत पोचली तेव्हा घाबरून सपाट घड्या घालत बसलास.

हो, आई इथे आहे. शेजारच्या पलंगावर. मला शपथ घातली होती तिने, ‘मी आलेय हे त्याला कळवू नकोस. लाजेने नको यायला, यावंसं वाटलं तर येऊ दे.’ आणि घडी मी नव्हती ओळखली. मी तर गाऊन तसाच कपाटात टाकत होते. आईने मागून घेतला, मांडीवर ठेवला, बाह्या चाचपल्या, गळ्यात बोटं घातली आणि म्हणाली, ‘हा खाली आहे.’ मला वाटलं, तिचं काहीतरी भलतंच. आता खिसा दाखवायला धावले तर म्हणते, ‘तुला आत्ता कळलं होय?’

तिने चाचपून का पाहिलं, तेही सांगायला हवं. बुटक्या, तिला दिसेनासं झालंय. समोर पांढरा शर्ट आहे एवढं कळतं, शर्टात कोण आहे ते अगदी जवळ आल्याशिवाय नाही. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं असेल ते आताच बघून घ्या. मी विचारलं, काय बघायचंय, आई? डोंगर? समुद्र? ती म्हणाली, ‘समुद्राचं काय करू? तो ज्या जहाजावर आहे तिथे ने.’ म्हणून आलोय आम्ही. क्लचचं आणि रजेचं सगळं झूठ.

मी तुमच्या लाँड्रीच्या मुख्य बाईंना फोन केला. तक्रार नाही केली, घाबरू नकोस. उलट गाऊन धुणाऱ्याचं इतकं कौतुक केलं की त्या संकोचल्या. म्हटलं, त्या माणसाचे आभार मानायचेत, समोरासमोर. त्या म्हणाल्या, कर्मचाऱ्यांना प्रवाशांच्या मजल्यावर पाठवत नाही आम्ही. मी म्हटलं, मग मी खाली येते. शेवटी मी त्याची बहीण आहे हे सांगून टाकलं. मग बाई म्हणाल्या, ‘शनिवारी दुपारी तुमचे कपडे तोच पोचवेल, मी परवानगी काढते. पण त्याची इच्छा असेल तर. मी जबरदस्ती करणार नाही.’

तेव्हा आता नियमाची आडकाठी नाही, वरिष्ठांची नाही. अडवणारा फक्त तू आहेस.

काकांची काळजी करू नकोस. घरी गेले की तो फोटो मी स्वतः उतरवणार आहे आणि त्या जागी तुझा खरा लावणार, इस्त्रीसकट. त्यांना काय वाटायचं ते वाटो. कुणी विचारलं तर मी पुढच्या रस्त्याच्या मधोमध उभी राहून सांगेन की माझा भाऊ जहाजावर कपडे धुतो, आणि चांगले धुतो.

या पिशवीत एकच कपडा आहे. आईने सकाळी तो धुऊन आलेला गाऊन अंगात घातला, चहाचा कप उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत पोटावर ओतला. ‘गार होता,’ म्हणाली. आता ती जहाजाने दिलेला पांढरा अंघोळीचा झगा घालून खुर्चीत बसली आहे आणि हलायला तयार नाही. गाऊन तुझ्याच हातून घेणार. दुसऱ्या कुणी आणला तर परत पाठवणार, आणि रविवारी सगळ्यांच्या देखत त्या झग्यात जहाजावरून उतरणार, असं तिने जाहीर केलंय. ती बोलते ते करते, हे तुला मी सांगायला नको.

गणवेश कुणाचा उसना आणू नकोस. जो घालून काम करतोस त्यातच ये.

शनिवारी दार उघडं टाकून बसणारी
तुझी ताई

ता. क. आई सांगतेय, तसंच उतरवते: ‘दोन्ही वेळच्या घड्या हाताखालून घातल्या. चांगल्या आहेत. डावी बाही जरा आणखी आत हवी. ये, दाखवते.’