आन्साल्दोच्या मागचा डोंगर

९ एप्रिल

आज त्याला भिंतीवरून उतरवलं!

चर्चच्या मंडळाची चार माणसं शिडीवर, बाबा खाली उभे राहून ओरडताहेत — 'हळू! मासळीची पेटी नाही ती, आन्साल्दो आहे!' इतक्या वर्षांत त्याला एवढ्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी प्रार्थनेच्या वेळी मान वर करून बघायचे. चित्रातला, धुरानं काळवंडलेला गावचा जुना दर्यासारंग, नुसते डोळे तेवढे दिसायचे. आज माझ्या टेबलावर आडवा आहे, आजारी माणसासारखा.

मंडळात काहींचं म्हणणं होतं की शहरातून कोणी मोठा माणूस बोलवा. बाबा मंडळाचे मुख्य. ते उठून म्हणाले म्हणे, 'फिरेन्झे शहरात ज्या हातांनी जुन्या चित्रांतले संतांचे चेहरे धुतले, ते हात आपल्या जिनेस्त्रातलेच आहेत. परका कशाला?' हे मला तेक्ला आत्यानं सांगितलं. बाबा स्वतः कधी सांगायचे नाहीत. दिवसभर ते वाक्य मनात घोळवत काम केलं.

दोन जूनला सान्त एराज्मोचा, खलाशांच्या संताचा, सण. त्या दिवशी आन्साल्दोला वाजतगाजत बंदरावर नेऊन समुद्र दाखवायचा. तोवर तो उजळून निघायला हवा.

१४ एप्रिल

काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. जुनी काजळी काढायला थुंकीइतकं सौम्य काही नाही. आत्या फोकाच्चाची रोटी घेऊन आली ती दारातच थबकली.

'अगं बये! दर्यासारंगावर थुंकतेस?'

'आत्या, लहानपणी तू माझं तोंड असंच पुसायचीस.'

'तू काय चिलखत घालून बसायचीस?'

हसू आवरेना, म्हणून काडी खाली ठेवली.

१५ एप्रिल

डावा गाल वर आला. उन्हानं रापलेला! खलाशाचाच गाल.

२३ एप्रिल

चेहरा झाला. हात झाले. चिलखतावर छातीशी एक चिमुकला बगळा निघाला, एका पायावर उभा. त्याच्या घराण्याचं चिन्ह. आजवर कोणाला दिसलाच नव्हता.

बाबा संध्याकाळी आले. टोपी काढून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'बघ त्याचे डोळे. हा माणूस पाण्याकाठीच जन्मलेला. आणि ते वरचे म्हणतात आमचा!'

वरचे म्हणजे रोक्काल्ता. आमच्या डोक्यावरच्या डोंगरातलं गाव. आन्साल्दो त्यांच्याकडे जन्मला, असा दावा ते पिढ्यान्‌पिढ्या करतात. बाबांचं उत्तर ठरलेलं — 'डोंगरावर शेळ्या जन्मतात!' गावात सगळ्यांना पाठ आहे. शाळेत मीही म्हटलं होतं आणि रोक्काल्ताच्या एका मुलीकडून वेणी ओढून घेतली होती.

निघताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शेहेचाळिसाव्या वर्षीही मी शाळकरी पोरीसारखी हरखले!

३ मे

आता चेहऱ्यामागचा काळोख. नुसती काजळी असेल असं वाटलं होतं, पण हा मुद्दाम लावलेला रंग आहे, आणि तोही चित्रकाराचा नव्हे. जाड, ओबडधोबड. कोपऱ्यात नखाएवढा चौकोन उघडून पाहिला तर डांबराचा वास आला. काळपट हिरवा —

हा तर बोटींच्या पोटाला लावतात तो रंग! आमच्या धक्क्यावरचा! आजही गावातली प्रत्येक बोट याच रंगानं माखतात. जुन्या काळी आमच्यापैकीच कोणीतरी ब्रश घेऊन आत आला आणि चित्रातली चेहऱ्यामागची सगळी जागा बोटीसारखी रंगवून टाकली. हसू आलं. असा उद्योग जिनेस्त्राचा माणूसच करू जाणे.

पण का केला असेल? खाली निळं आहे.

६ मे

आकाश. एक खिडकी, आणि खिडकीत डोंगर.

८ मे

डोंगरावर घंटेचा मनोरा. वर तीन कमानी, मधली मोठी. अख्ख्या किनाऱ्यावर तसा एकच मनोरा आहे. खिडकी उघडली की मला तो रोज दिसतो.

मनोऱ्याखाली एक घर. घराच्या दारावर, गव्हाच्या दाण्याएवढा, एका पायावर उभा — बगळा.

म्हणजे आन्साल्दो वरचाच.

९ मे

काही केलं नाही. समोर बसून राहिले.

थांबता येईल. उघडलंय तेवढं पुन्हा बुजवून टाकायचं, रंग तर धक्क्यावर डब्यांनी पडलाय. कोणाला कळणार नाही. बाबा पंचाहत्तरीचे. आयुष्यात ते दोन गोष्टींचा अभिमान बाळगत आले, एक हा आन्साल्दो आणि दुसरी — आत्या म्हणते — मी. एकीनं दुसरी मोडायची?

पण ज्यानं तो बगळा रंगवला त्याचा हात काय सुरेख होता! एका केसाच्या ब्रशनं काढला असावा. त्याच्यावर मी डांबर फासू?

१२ मे

सगळा डोंगर उघडला. मग बाबांना बोलावलं.

चष्मा लावून ते जवळ गेले. मी काही सांगायची गरजच पडली नाही. मनोरा त्यांनी जन्मभर पाहिलाय — रागानं का होईना. बोट बगळ्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

'हे तू काढलंस?'

'नाही बाबा. होतंच. मी फक्त वरचं पुसलं.'

'आणि वरचं कोणी लावलं?'

'आपणच. बोटीचा रंग आहे.'

खुर्चीवर बसले. मग टोपी तिथेच विसरून निघून गेले.

१३ मे

आत्या येऊन बघून गेली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'मग? पाठ तर त्यांच्याकडेच केलीय ना त्यानं! तोंड आपल्याकडे आहे. शहाणा माणूस.' जाऊन बाबांना हेच ऐकवलं. बाबा हसले नाहीत म्हणाली.

१७ मे

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवणाच्या टेबलावर फक्त 'मीठ दे'. मी काम करते. आकाश इतकं स्वच्छ निघालंय की अभिमान वाटतो, आणि अभिमान वाटतो याचीच लाज वाटते.

२० मे

मासेवाली जाचिन्ता धावतच आली. 'अगं, तुझे बाबा रोक्काल्ताच्या चौकात उभे आहेत! उघड्या डोक्यानं! लोकांना वाटलं कोणी गेलं!'

गुडघ्याचं दुखणं घेऊन बाबा डोंगर चढले. जन्मात पहिल्यांदा. चौकात उभं राहून मोठ्यानं सांगितलं म्हणे, 'आन्साल्दो तुमचा आहे. माझ्या मुलीनं शोधून काढलं. रंग फासून झाकणारे आम्हीच होतो.' मग एका म्हाताऱ्यानं खुर्ची आणून दिली.

संध्याकाळी लंगडत परत आले. मी पाणी गरम करून दिलं. पाय बुडवून बसले आणि इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघून बोलले — 'त्यांची वाइन आंबट आहे.'

मी आत जाऊन रडले. त्यांची मुलगी आहे मी!

२६ मे

मंडळाची बैठक. जोरात भांडण झालं. एक म्हणाला, पुन्हा रंगवून टाका. दुसरा म्हणाला, यंदा मिरवणूकच नको, वरचे हसतील. बाबा सगळ्यांचं ऐकत राहिले. मग मला पुढे बोलावलं, बायकांना तिथे बोलावत नाहीत तरी. 'हिनं त्याला उजेडात आणलं. आता त्याच्या मागे जे दिसतंय ते झाकायचं, तर आधी मला या खुर्चीवरून उठवा.'

कोणी उठवलं नाही.

१ जून

उद्या सण. मिरवणुकीचा रस्ता बाबांनी बदलला — बंदराकडे खाली नाही, आधी वर, रोक्काल्ताला. वरची माणसं निम्म्या चढावर येऊन थांबणार आहेत. आत्यानं विचारलं, 'हे कुठलं नवीन खूळ?' बाबा बूट पुसत होते. म्हणाले, 'एवढी वर्षं आपल्याकडे नांदला. एकदा माहेरी नको न्यायला?'