तरंगलेला दाणा

मंगळवार, संध्याकाळ. कात्रप.

पुढच्या आठवड्यात वर्गात इंग्रजांच्या काळातले भुताळीचे खटले शिकवायचे आहेत, म्हणून आज बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावर म्हाताऱ्या कान्हीबाईंना भेटून आले. त्यांच्या पणजीला भगताने, पाड्यावरच्या मांत्रिकाने, भुताळी, म्हणजे चेटकीण ठरवलं होतं. तिला मारहाण करणाऱ्यांना साहेबाच्या कोर्टाने तुरुंगात टाकलं, पण पणजीला पुढे कुणी घरात घेतलं नाही.

भगत ठरवायचा कसं, असं मी विचारलं. कान्हीबाई वाटीत पाणी घेऊन बसल्या. एका बाईचं नाव घ्यायचं, तांदळाचा एक दाणा सोडायचा. दाणा तरंगला की तीच. भोवतालच्या बायकांची नावं झाली, सगळे दाणे बुडाले. मग म्हणाल्या, "आता तुमचा नाव सांगा, बाय." मी हसत सांगितलं.

माझा दाणा तरंगला.

किडका असेल, हलका. दुसरं काय? तिथे मीच सगळ्यांना तसं समजावलं. कान्हीबाईही म्हणाल्या, "खेळ हाय तो, मनावर नका घेऊ." पण शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेने मांडीवरचं बाळ हळूच पदराखाली घेतलं. आणि तो दाणा... निघेपर्यंत मी वाटीकडेच बघत होते. तरंगतच होता.

मघाशी शेजारची छोटी ओवी रोजच्यासारखी हात पसरून दारात आली. तिची आई म्हणाली, "घ्या ना काकू, सकाळपासून अंग गरम आहे, तुमच्याकडेच यायचंय तिला."

"माझे हात ओले आहेत गं," मी म्हणाले.

हात कोरडे होते.